एकवीस मजली वचन

संपादकांचा फोन आला तेव्हा मी बॅगेच्या कोपऱ्यात भाजणीची पिशवी कोंबत होते. यंदाच्या अंकाचा विषय 'पळवाट'. "अमेरिकेला चाललाच आहात, तर तिथल्या धर्माची बाजू बघून या," ते म्हणाले. "पण व्याख्यान नको. बघा आणि लिहा."

भाचा राहतो शार्लटजवळ. शार्लट नॉर्थ कॅरोलायनात, पण त्याचं घर राज्याची हद्द ओलांडून साउथ कॅरोलायनातल्या फोर्ट मिलला. शाळा चांगल्या म्हणून आपली बरीच मंडळी हद्दीच्या या अंगाला घरं घेतात. पोचल्याच्या दुसऱ्या दिवशी मी त्याला जवळच्या अर्धवट राहिलेल्या बुरुजाबद्दल विचारलं, तर तो हसलाच. "आत्या, तिथं काही बघण्यासारखं नाही गं. पोरं तिला भुताची बिल्डिंग म्हणतात."

गाडीने काही मिनिटांचा रस्ता. दोन्ही बाजूंना एकसारखी घरं, कापलेली हिरवळ, बास्केटबॉलच्या जाळ्या. मग पाइनच्या शेंड्यांवरून एकदम ती वर येते: एकवीस मजल्यांची विटकरी रंगाची इमारत, खिडक्यांच्या जागी काळी भोकं. भोवती कुंपण. आजूबाजूला दोन मजल्यांच्या वर काही नाही, त्यामुळे ती आहे त्याहून उंच वाटते. १९८७ साली काम थांबलं ते थांबलंच. पुढे ही जागा मॉर्निंगस्टार नावाच्या चर्चने घेतली आणि इमारतीचं काय करायचं यावर चर्च आणि यॉर्क काउंटी वर्षानुवर्षं कोर्टात भांडत राहिले. पाडायला पैसा लागतो, पुरी करायला त्याहून जास्त.

आपल्याकडे असा सांगाडा दिसला की बिल्डर पळाला, हे कुणी सांगावं लागत नाही. इथला बिल्डर पाद्री होता.

हजार डॉलरची खोली

जिम बॅकर आणि त्याची बायको टॅमी फे यांनी सुरुवात केली ती एका ख्रिस्ती टीव्ही वाहिनीवर मुलांना बाहुल्यांचे खेळ दाखवून. सत्तरच्या दशकात शार्लटमध्ये त्यांचा स्वतःचा कार्यक्रम सुरू झाला, पीटीएल. 'प्रेज द लॉर्ड' या शब्दांची ती अद्याक्षरं. १९७८मध्ये उपग्रहावरून चोवीस तास प्रक्षेपण सुरू झालं, आणि त्याच सुमारास फोर्ट मिलच्या २३०० एकरांवर 'हेरिटेज यूएसए' उभं राहू लागलं. ख्रिस्ती कुटुंबांसाठी सुट्टीचं ठिकाण: हॉटेल, तलाव, छोटी आगगाडी, दुकानं, पाण्याची घसरगुंडी आणि रात्रंदिवस उघडं असलेलं प्रार्थनाघर. १९८६ साली तिथे जवळपास साठ लाख माणसं येऊन गेली. डिस्नेची दोन उद्यानं सोडली तर देशात एवढी गर्दी त्या वर्षी दुसरीकडे कुठे झाली नसावी.

१९८४मध्ये बॅकरने पडद्यावरून योजना जाहीर केली. एकदाच हजार डॉलर द्या, आणि आयुष्यभर दरवर्षी तीन रात्री 'हेरिटेज ग्रँड' हॉटेलात फुकट राहा. अशी सभासदत्वं २५ हजारच विकायची, म्हणजे प्रत्येकाला जागा मिळेल, असं वचन होतं. विकली गेली ६६,६८३. हा आकडा पुढे बॅकरवर झालेल्या खटल्याच्या अपिलाच्या निकालपत्रात नोंदलेला आहे.

आता कागद-पेन्सिल घ्या. हॉटेलात खोल्या पाचशेच्या आसपास. वर्षाचे तीनशे पासष्ट दिवस धरले, तर साधारण एक लाख ब्याऐंशी हजार रात्री होतात. ६६,६८३ सभासदांच्या तीन-तीन रात्री म्हणजे दोन लाखांच्या वर. पैसे देऊन उतरणारं एकही गिऱ्हाईक घेतलं नाही, झाडूपोछ्यालासुद्धा खोली रिकामी ठेवली नाही, तरी बसत नाही. तिसरीच्या मुलाला जमणारा हा गुणाकार तीन वर्षं लाखो प्रेक्षकांसमोर उघडा होता. फक्त विकलेल्यांचा खरा आकडा पडद्यावर कधी येत नव्हता.

ग्रँड पुरेना म्हणून दुसरी योजना निघाली: शेजारी 'टॉवर्स' बांधू. त्याचीही हजार-हजार डॉलरची सभासदत्वं हजारोंनी खपली. तो हा बुरूज. वेगवेगळ्या योजना मिळून सुमारे एक लाख त्रेपन्न हजार सभासदत्वांतून किमान पंधरा कोटी ऐंशी लाख डॉलर आले, आणि ठरलेल्या निवासांपैकी पुरं झालं ते ग्रँड हॉटेल आणि एक साधी निवासी इमारत. बाकीचा पैसा रोजच्या खर्चात आणि बॅकरच्या थाटात गेला. बोनसच लाखो डॉलरचे. कुत्र्याच्या घरालाही वातानुकूलन होतं, ही गोष्ट लोकांच्या तोंडी राहिली. मला वाटतं, आकड्यांपेक्षा कुत्र्याच्या या घरानेच त्याला बुडवलं. कोट्यवधी डॉलर म्हणजे किती, हे सामान्य माणसाला दिसत नाही. उन्हाळ्यात गारव्यात झोपलेलं कुत्रं लगेच दिसतं.

ज्या कारणाने त्याला मार्च १९८७मध्ये पायउतार व्हावं लागलं, ते मात्र वेगळंच. एका तरुण चर्च-कर्मचारी स्त्रीशी १९८०मध्ये जे घडलं, ते दडवायला संस्थेच्या पैशातून अडीच लाख डॉलरहून जास्त रक्कम मोजल्याचं बाहेर आलं. आपल्यावर बळजबरी झाली, असं त्या स्त्रीचं म्हणणं; बॅकरने ते नाकारलं. 'शार्लट ऑब्झर्व्हर' या इथल्या दैनिकाने हा सारा माग काढला होता. बॅकर पडद्यावरून त्या दैनिकाविरुद्ध मोहीम चालवत होता आणि प्रेक्षक त्याची बाजू घेत होते. १९८८मध्ये या कामासाठी दैनिकाला पुलित्झर मिळालं.

छतावरचं आभाळ

ग्रँड हॉटेलच्या इमारतीत छपराखाली एक अख्खा रस्ता आहे. जुन्या काळच्या अमेरिकन गावाची पेठ: नक्षीदार दर्शनी भाग, दुकानांच्या पाट्या, दिव्याचे खांब, आणि वर आभाळासारखं रंगवलेलं छत. इथे कधी पाऊस पडत नाही. दारू नाही, दंगा नाही, परका चेहरा क्वचित.

बाहेर तेव्हा काय होतं? कॅरोलायनांतल्या कापडगिरण्या मोडकळीला येत होत्या. व्हिएतनामचं युद्ध संपून फार दिवस झाले नव्हते. मुलं घरात काहीतरी निराळंच बोलू लागली होती. आणि इथे टीव्हीवरचा ओळखीचा माणूस सांगत होता, की देवाला तुम्ही दुःखी राहिलेलं आवडत नाही. या, मुलाबाळांना आणा, घसरगुंडीवर बसा. पिढ्यान्‌पिढ्या नाचगाणं, पत्ते, सिनेमा सगळं पाप म्हणून ऐकत आलेल्या घरांना हा केवढा सुटकेचा श्वास असेल! टॅमी फेची चेष्टा झाली ती डोळ्यांच्या काजळामुळे, पण १९८५मध्ये, पाद्री मंडळी एड्सचं नाव घ्यायला धजत नव्हती तेव्हा, हिने एका समलिंगी, एड्सग्रस्त धर्मोपदेशकाला कार्यक्रमात घेऊन त्याच्याशी मायेने गप्पा मारल्या. दांभिक माणूस सगळाच्या सगळा दांभिक असता, तर ओळखायला किती सोपं झालं असतं.

या पडझडीत एक प्रसंग असा घडला की कादंबरीकाराला खोटा वाटावा. बॅकरनंतर संस्था हाती घेतली ती 'मॉरल मेजॉरिटी' संघटनेच्या जेरी फॉलवेल या पाद्र्याने. दोन कोटी डॉलर जमले तर मी घसरगुंडीवरून घसरेन, असा शब्द त्याने दिला होता. सप्टेंबर १९८७मध्ये तो सूट-टाय घालून, हात छातीवर घडी घालून, त्या उंच घसरगुंडीवरून पाण्यात आला. कॅमेरे होतेच. संस्था तोवर दिवाळखोरीत निघाली होती.

पेरणी

या सगळ्याच्या मुळाशी एक शिकवण आहे. आपल्या वाचकाला ती शेताच्या भाषेत सांगितली तर झटकन कळेल, कारण तिची भाषाच ती आहे. ओक्लाहोमाचे ऑरल रॉबर्ट्स यांनी ती लोकप्रिय केली: देवाला दिलेला पैसा म्हणजे बी. पेरा, पीक येईल. उपचार, नोकरी, नवी गाडी, सगळं त्यात आलं. पीक आलं तर उपदेशकाचा महिमा. नाही आलं तर तुमचा विश्वास कमी पडला. मग उपाय काय? दुबार पेरणी. आपल्या शेतकऱ्याला दुबार पेरणी करावी लागली तर निदान बियाणं बोगस निघाल्याची तक्रार तरी करता येते.

रॉबर्ट्स यांनी १९८७मध्ये सांगून टाकलं, की मार्चअखेर ऐंशी लाख डॉलर जमले नाहीत तर देव मला बोलावून घेईल. जमले. शेवटचे तेरा लाख फ्लोरिडातल्या एका इसमाने दिले. त्याचा धंदा कुत्र्यांच्या शर्यतींचा.

हा पैसा येतो पाकिटांतून. रॉबर्ट टिल्टन या टेक्सासच्या टीव्ही-उपदेशकाचा कार्यक्रम १९९१मध्ये एबीसी वाहिनीने तपासला. लोक चिठ्ठीत आपलं दुःख लिहीत: मुलाचं व्यसन, नवऱ्याचा कॅन्सर. सोबत नोटा किंवा चेक. मी स्वतः या चिठ्ठ्यांवर प्रार्थना करतो, असं तो सांगे. वाहिनीने दाखवलं ते तुल्सा शहरातले कचऱ्याचे डबे: पैसे काढून घेतलेली पाकिटं आणि तशाच फेकलेल्या चिठ्ठ्या. टिल्टनने आरोप नाकारले, वाहिनीवर खटलाही भरला, पण कार्यक्रम काही टिकला नाही. डबे उपसायला मदत करणारे डॅलसच्या ट्रिनिटी फाउंडेशनचे लोक स्वतः भाविक ख्रिस्ती होते. या देशात धर्मातल्या ढोंगाचा सगळ्यात चिवट पाठलाग बऱ्याचदा धर्मातलीच माणसं करतात. गुलामगिरीतून निसटलेल्या फ्रेडरिक डग्लसने १८४५च्या आत्मकथेत लिहिलं आहे, की त्याचा मालक मेथडिस्टांच्या शिबिरात जाऊन भाविक झाला तेव्हा त्याला आशा वाटली होती: आता हा गुलामांना सोडेल, निदान माणसासारखं वागवेल. मालक आणखी क्रूर झाला. आता त्याच्या चाबकाला शास्त्राचा आधार होता. पण डग्लसने धर्म टाकला नाही. ख्रिस्ताचा धर्म निराळा आणि या देशाचा निराळा, अशी फोड केली. 'गुलामगिरी' १८७३मध्ये छापताना जोतीरावांनी ती अमेरिकेतल्या ज्या सदाचारी लोकांना अर्पण केली, त्यांनी हीच फोड मनाशी केलेली असणार.

देणारा हातही बऱ्याचदा धर्मातल्याच माणसांचा. पंडिता रमाबाई १८८६ ते १८८८ या देशात गावोगाव बोलल्या. बोस्टनला रमाबाई असोसिएशन उभी राहिली, ठिकठिकाणच्या मंडळांनी दहा वर्षं वर्गणी देण्याचं कबूल केलं, आणि १८८९मध्ये मुंबईत शारदा सदन उघडलं. ती वर्गणी देणाऱ्या बायका रविवारी चर्चच्या बाकावर बसणाऱ्याच होत्या. आपल्या पैशाने काय होणार आहे हे त्यांना तरी कुठे दिसत होतं? फरक एवढाच, की पलीकडे रमाबाई होत्या.

बोलणारी गाय

शार्लटलाच फिरते उपदेशक बिली ग्रॅहम यांच्या नावाची लायब्ररी आहे. नाव लायब्ररी, पण आहे संग्रहालय. ग्रॅहम दूधवाल्या शेतकऱ्याचा मुलगा, म्हणून इमारत गोठ्याच्या धर्तीची, दर्शनी भागात काचेचा उंच क्रूस. आत शिरताच यांत्रिक गाय तुमच्याशी बोलते. मी दचकले, शेजारची चार वर्षांची मुलगी मात्र तिला गवत द्यायला निघाली. प्रवेश फुकट. बाहेर पडायची वाट, अर्थातच, पुस्तकांच्या दुकानाजवळून.

मला बघायचं होतं ते आवारातलं घर. ग्रॅहम लहानाचे मोठे झाले ते विटांचं साधं घर. मध्यंतरी बॅकरने ते विकत घेऊन, सुटं करून, हेरिटेज यूएसएमध्ये प्रेक्षणीय स्थळ म्हणून मांडलं होतं. पीटीएल बुडाल्यावर ते पुन्हा सोडवून इथे आणलं गेलं. आपलं साधेपण दुसऱ्याच्या जत्रेत ठेवलेलं बघून ग्रॅहमना काय वाटलं असेल?

या माणसाने १९४८मध्ये कॅलिफोर्नियातल्या मोडेस्टो गावी आपल्या सहकाऱ्यांना खोलीत बसवून विचारलं होतं, की फिरत्या उपदेशकांची अब्रू कशाकशाने जाते, लिहून काढा. याद्या जवळजवळ सारख्याच निघाल्या: पैसा, बाई, गर्दीचे फुगवलेले आकडे, दुसऱ्या पाद्र्यांची निंदा. त्यावर त्यांनी नियम केले. तरी १९५०मध्ये अटलांटाच्या सभांनंतर तिथल्या वर्तमानपत्राने शेजारी-शेजारी दोन फोटो छापले: एकात पैशांच्या गोण्या उचलणारे स्वयंसेवक, दुसऱ्यात हसत निरोप घेणारे ग्रॅहम. त्यांना ते लागलं. शेवटच्या रात्रीची ओंजळ उपदेशकाची, ही जुनी रीत मोडून त्यांनी संस्थेकडून ठरावीक पगार घ्यायला सुरुवात केली.

म्हणजे संत का? नाही. निक्सनच्या कचेरीत १९७२मध्ये ज्यूंबद्दल ते जे बोलले, ते ध्वनिफितींवर होतं आणि २००२मध्ये जगाने ऐकलं. त्यांनी माफी मागितली. संग्रहालयात राष्ट्राध्यक्षांबरोबरचे फोटो भिंतभर आहेत. पैशाच्या मोहाचा नियम त्यांनी लिहून ठेवला होता, सत्तेच्या मोहाचा यादीत नव्हता.

आणि हेही खरं, की बॅकर मिनेसोटाच्या तुरुंगात संडास धूत होता तेव्हा त्याला भेटायला ग्रॅहम गेले.

हिशेब कुणी मागायचा

अमेरिकेत कोणतीही धर्मादाय संस्था दरवर्षी आयकर खात्याला विवरण देते. पगार किती, पैसा कुठून आला, कुठे गेला, हे कुणालाही वाचता येतं. चर्चला यातलं काही द्यावं लागत नाही. करमाफी मागायलाही जावं लागत नाही. ती आपोआप असते. १९८४च्या कायद्याने चर्चचे हिशेब तपासणं आणखी अवघड करून ठेवलं: वरिष्ठ अधिकाऱ्याला सबळ कारण लेखी मांडावं लागतं, आधी नोटिसा, मग सवाल-जवाब. बॅकरने खोल्या विकायला काढल्या त्याच वर्षी.

सरकारने देवळात नाक खुपसू नये, ही या कायद्यामागची भावना मला समजते. आपल्याकडे देवस्थानावर सरकारी समिती आली की काय-काय होतं, तेही आपण बघतो. पण झाकली मूठ विमानाच्या किमतीची झाली की प्रश्न येतोच. सिनेटर चक ग्रासली यांनी २००७मध्ये सहा मोठ्या टीव्ही-उपदेशकांना पत्रं धाडली: विमानं, बंगले, पगार यांचा तपशील द्या. दोघांनी सहकार्य केलं, इतरांनी टाळाटाळ केली. जानेवारी २०११मध्ये चौकशी संपली. दंड कुणालाच नाही.

बॅकरला पकडलं तेही धर्माच्या नव्हे, साध्या फसवणुकीच्या कायद्याने: टपालातून, तारांवरून ठकवलं म्हणून. १९८९मध्ये चोवीस आरोप सिद्ध झाले आणि न्यायाधीश रॉबर्ट पॉटर यांनी पंचेचाळीस वर्षं ठोठावली. ठोठावताना ते बोलून गेले, की पैशाच्या मागे लागलेल्या उपदेशकांमुळे आमच्यासारख्या धर्म मानणाऱ्यांना लोक मूर्खात काढतात. अपिलात दोष कायम राहिला, पण शिक्षा या वाक्यापायी रद्द झाली: न्यायाधीशाने स्वतःची श्रद्धा तराजूत घातली. शिक्षा उतरत-उतरत आठ वर्षांवर आली आणि १९९४मध्ये तो बाहेर पडला.

बादल्या

१९९६मध्ये बॅकरने पुस्तक लिहिलं, 'आय वॉज राँग'. तुरुंगात बायबल नीट वाचलं आणि कळलं, की देव श्रीमंती देतो ही आपली शिकवणच चुकीची होती, असं त्यात म्हटलं. मला ते प्रामाणिक वाटतं. म्हणूनच पुढचं अधिक लागतं.

काही वर्षांनी तो पुन्हा पडद्यावर आला, मिझुरी राज्यातून. ब्लू आय गावाजवळ 'मॉर्निंगसाइड' नावाची वसाहत, आत पुन्हा छपराखालचा रस्ता. आता विकायला सुट्टी नव्हती. जगाचा शेवट होता. टिकाऊ, कोरड्या अन्नाच्या मोठमोठ्या प्लास्टिकच्या बादल्या: गरम पाणी घाला, खा, अनेक वर्षं खराब होत नाही. संकटकाळ येतोय, भरून ठेवा.

या मालाला गिऱ्हाईक तयार होतं. एकोणिसाव्या शतकात जॉन नेल्सन डार्बी या ब्रिटिश उपदेशकाने मांडलेली कल्पना अमेरिकेत रुजली ती १९०९च्या स्कोफील्ड बायबलच्या तळटिपांतून: महासंकटाआधी खरे भाविक अचानक उचलले जातील, बाकीचे मागे राहतील. याच कल्पनेवरच्या 'लेफ्ट बिहाइंड' कादंबरीमालेच्या सहा कोटींहून अधिक प्रती खपल्या. घर सोडायचं पक्कं ठरलं की गळक्या छपरावर कौलं कोण चढवतो? नदी, हवा, शेजाऱ्याचं दवाखान्याचं बिल, सगळं मग भाड्याच्या घरातलं होतं. अर्थात, मानणारे सगळेच हात बांधून बसतात असं नाही. सप्टेंबर २०२४मध्ये हेलीन वादळाने नॉर्थ कॅरोलायनाचा डोंगराळ पश्चिम भाग धुऊन नेला, तेव्हा सगळ्यात आधी चुली पेटवणाऱ्यांत बॅप्टिस्ट चर्चचे स्वयंसेवक होते. त्यांतल्या किती जणांच्या फडताळात त्या कादंबऱ्या असतील, सांगता येत नाही.

फेब्रुवारी २०२०मध्ये बॅकरच्या कार्यक्रमात एका पाहुणीने चांदीच्या द्रावणाचे गुण सांगितले, कोरोनाच्या संदर्भात. मार्चमध्ये मिझुरी राज्याने दावा ठोकला. पुढच्या वर्षी तडजोड झाली: चूक कबूल न करता सुमारे एक लाख छप्पन्न हजार डॉलर गिऱ्हाइकांना परत.

सहा डॉलर चोपन्न सेंट

निघायच्या आदल्या दिवशी भाच्याच्या पलीकडच्या घरातल्या बाईंनी चहाला बोलावलं. वय साठीचं, शाळेची बस चालवून निवृत्त झालेल्या. मी बुरूज बघायला गेले होते हे त्यांना कुंपणावरून कळलं होतं. टेबलावर पाउंड केक, त्यावर जाळीचं झाकण, अगदी आपल्या दुधावर घालतो तसं.

त्यांची आई डोंगराकडच्या गावात मोज्यांच्या गिरणीत कामाला होती. नवऱ्याच्या विम्याचे पैसे आले, त्यांतले हजार डॉलर तिने पीटीएलला पाठवले. दोघी मायलेकी पंच्याऐंशी साली ग्रँडमध्ये राहिल्या, तीन रात्री. "पलंगपोस कसा होता तेसुद्धा आठवतं मला," बाई म्हणाल्या. "आई आयुष्यात पहिल्यांदा हॉटेलात झोपली. सकाळी उठून तिने स्वतःच गादी नीट केली. मी म्हटलं, अगं, ते करायला माणसं आहेत."

दुसऱ्या वर्षी फोन केला तर जागा नाही. तिसऱ्या वर्षीही नाही. आई म्हणाली, एवढी गर्दी आहे म्हणजे देवाचं काम वाढतंय.

"चिडल्या नाहीत कधी?" मी विचारलं.

"कुणावर? तिला तो आवडायचा. शिक्षा झाली तेव्हा रडली." बाईंनी किटली पुन्हा ठेवली. "मी चिडले. अजून चिडते. ती इमारत दिसू नये म्हणून बस लांबच्या रस्त्याने न्यायचे."

सभासदांनी मिळून जो दावा लढवला, त्याचा निकाल लागून पैसे वाटले गेले २००३मध्ये. वकिलांचं भागवून जे उरलं, त्यातून प्रत्येकाला सहा डॉलर चोपन्न सेंट. आईचा चेक टपालाने आला. ती तेव्हा सत्त्याहत्तर वर्षांची होती.

"वटवला?"

"बँकेत मीच घेऊन गेले. म्हटलं, चल, निदान कॉफी पिऊ याच्यात. तर नाही. पर्समध्ये घालून ठेवले आणि रविवारी चर्चमध्ये ताट फिरलं तेव्हा टाकले त्यात. सुट्टे चोपन्न सेंटसुद्धा." त्यांनी झाकण उचललं आणि भाच्याच्या मुलासाठी केकचा एक तुकडा कागदात गुंडाळून माझ्यापुढे केला.